सामाजिक करार वाचायचा कसा: हॉब्ज, लॉक आणि रूसो हाताळण्याची एक पद्धत

राज्याची सत्ता माणसांनी आपसात केलेल्या करारातून येते, हा सामाजिक कराराचा सिद्धांत. अनेकांना तो एवढाच माहीत असतो: हॉब्जच्या मते माणूस दुष्ट, लॉकच्या मते समंजस, रूसोच्या मते मुळात चांगला, म्हणून पहिल्याला निरंकुश सत्ता हवी, दुसऱ्याला मर्यादित सरकार आणि तिसऱ्याला जनतेचं राज्य. मूळ ग्रंथ उघडले की यातलं काही धड उरत नाही. माणसाच्या वासनांमध्ये मुळात पाप नाही, असं हॉब्ज ‘लेव्हायथन’च्या तेराव्या प्रकरणात स्पष्ट सांगतो. लॉक राज्यसत्तेवरच्या आपल्या दुसऱ्या प्रबंधाच्या १२३व्या परिच्छेदात निसर्गावस्था, म्हणजे राज्य नसतानाची माणसांची स्थिती, भीतीने आणि सततच्या धोक्यांनी भरलेली आहे असं म्हणतो. आणि ज्या रूसोला ‘निसर्गाकडे परत चला’ असं म्हणणारा ठरवलं जातं, तो माणूस निसर्गातून बाहेर पडला त्या क्षणाचे आभार मानायला हवेत असं लिहितो (‘सामाजिक करार’, पहिला खंड, आठवं प्रकरण).

म्हणून घोषवाक्यं बाजूला ठेवायची आणि करार हा करारपत्रासारखा वाचायचा. त्यात पक्ष कोण आहेत? कोण काय देतं? काय स्वतःकडे राखून ठेवतं? वाद झाला तर निवाडा कोणी करायचा? आणि करार मोडला असं कधी म्हणायचं? एका कागदावर या पाच प्रश्नांचे पाच रकाने आखा, तिघांसाठी तीन ओळी ठेवा. प्रत्येक घरात उत्तर एका वाक्यात लिहा आणि शेजारी प्रकरणाचा किंवा परिच्छेदाचा क्रमांक टाका. क्रमांक टाकता येत नसेल तर ते उत्तर ग्रंथातून आलेलं नाही, ऐकीव आहे असं समजा.

पाचांपैकी चौथा रकाना सर्वांत जड आहे. मनुष्यस्वभाव, स्वातंत्र्य आणि सत्ता हे तिन्ही धागे त्या निवाड्याच्या प्रश्नापाशी एकत्र येतात.

किती आणि कोणत्या क्रमाने

‘लेव्हायथन’ १६५१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे चार भाग आणि ४७ प्रकरणं आहेत. पहिल्या वाचनाला ११, १३ ते १८, २०, २१ आणि २९ ही दहा प्रकरणं पुरतात. रोज एक घ्या. तेरावं आणि चौदावं मात्र दोनदा वाचा. ३२व्या प्रकरणापासून पुढचा भाग धर्मग्रंथ आणि चर्च यांवर आहे. तो नंतर वाचला तरी चालेल, पण अनावश्यक म्हणून फेकू नका. धर्मग्रंथाचा अर्थ कोणी लावायचा, हाही हॉब्जसाठी निवाड्याचाच प्रश्न होता, आणि त्याच्या काळात त्यावरून रक्त सांडत होतं. इंग्लंडमधलं यादवी युद्ध १६४२ मध्ये सुरू झालं आणि १६४९ मध्ये राजा पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला. त्या वेळी हॉब्ज पॅरिसमध्ये होता.

लॉकचे दोन प्रबंध १६८९ मध्ये निनावी छापले गेले; मुखपृष्ठावर साल १६९० आहे. दुसऱ्या प्रबंधात १९ प्रकरणं आणि सलग क्रमांकांचे २४३ परिच्छेद आहेत. त्यातले ४ ते ५१, ९५ ते १३१, १३४ ते १४२, १५९ ते १६८ आणि २११ ते २४३ एवढे वाचा. दिवसाला पंधरा परिच्छेद घेतले तर साधारण नऊ-दहा दिवस लागतात. इथे एक चूक फार पसरलेली आहे: लॉक हॉब्जला उत्तर देत होता असं गृहीत धरलं जातं. त्याचा उघड प्रतिस्पर्धी रॉबर्ट फिल्मर होता. राजाची सत्ता आदमच्या (बायबलमधल्या पहिल्या माणसाच्या) पितृसत्तेतून आली असं मांडणारं फिल्मरचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १६८० मध्ये छापलं गेलं, आणि लॉकचा पहिला प्रबंध पूर्णपणे त्याच्या खंडनाला वाहिलेला आहे. बापाची सत्ता आणि राज्यकर्त्याची सत्ता या वेगळ्या आहेत हे लॉक पुन्हा पुन्हा का घोळवतो, ते यामुळे उलगडतं.

रूसोसाठी आधी १७५५चा विषमतेवरचा निबंध वाचा, मगच १७६२चा ‘सामाजिक करार’. हा क्रम उलटा केला तर हमखास घोटाळा होतो. निबंधाच्या दुसऱ्या भागातही एक करार आहे, पण तो फसवणुकीचा: श्रीमंत माणूस गरिबांना म्हणतो, सगळ्यांच्या सुरक्षेसाठी कायदे करू या, आणि त्या कायद्यांनी त्याचाच ताबा कायमचा होतो. १७६२चा ग्रंथ विचारतो की वैध करार कसा असेल. पहिला करार रोगाचं निदान आहे, दुसरा उपचाराचा प्रयत्न. ‘सामाजिक करार’मधून पहिला खंड पूर्ण, दुसऱ्याची पहिली सात प्रकरणं, तिसऱ्यातलं पहिलं आणि दहा ते अठरा, चौथ्यातली पहिली दोन घ्या. प्रकरणं छोटी आहेत, पण घाईने वाचण्यासारखी नाहीत.

मनुष्यस्वभाव: काय माणसात आहे, काय परिस्थितीत

इथे प्रत्येक दाव्याला एक खूण करा. हा दोष माणसाच्या आत आहे, की माणसं ज्या परिस्थितीत एकमेकांसमोर उभी आहेत त्या परिस्थितीत?

हॉब्जच्या तेराव्या प्रकरणाचा युक्तिवाद पायरी-पायरीने लिहून काढा. माणसं साधारण समान आहेत, कारण सर्वांत दुबळा माणूसही कट करून किंवा इतरांशी हातमिळवणी करून सर्वांत बलवानाला मारू शकतो. क्षमता समान म्हणून आशाही समान. दोघांना एकच वस्तू हवी झाली की ते शत्रू होतात. भांडणाची कारणं तीन: स्पर्धा, अविश्वास आणि मानाची हाव. यातलं दुसरं कारण लोक घाईत ओलांडून जातात, आणि तिथेच युक्तिवादाचा कणा आहे. स्वतःपुरतं मिळालं की समाधानी राहणारा माणूससुद्धा, समोरचा तसाच आहे की नाही हे कळत नसल्यामुळे, आधी वार करणं शहाणपणाचं ठरवतो. म्हणजे दुष्ट माणसं वेगळी काढली तरी युद्ध थांबत नाही. शिवाय युद्ध म्हणजे रोजची मारामारी असंही हॉब्ज म्हणत नाही. लढाईची तयारी सगळ्यांना माहीत आहे आणि उलट खात्री कोणालाच नाही, असा सगळा काळ त्याच्या लेखी युद्धाचाच.

लॉकच्या निसर्गावस्थेत निसर्गनियम आहे आणि विवेकाने तो कळतो: कोणाच्या जिवाला, आरोग्याला, स्वातंत्र्याला किंवा मालमत्तेला इजा करू नये. अडचण अंमलबजावणीची आहे. नियम मोडणाऱ्याला शिक्षा करण्याचा अधिकार प्रत्येकाकडे आहे, आणि स्वतःच्या खटल्यात स्वतःच न्यायाधीश झालेला माणूस पक्षपात करतो (परिच्छेद १३). परिच्छेद १२४ ते १२६ मध्ये तीन उणिवा मोजून दिल्या आहेत: सर्वमान्य, स्थिर आणि सगळ्यांना माहीत असलेला कायदा नाही, तटस्थ न्यायाधीश नाही, निकाल अमलात आणणारी ताकद नाही. या तीन ओळी पाठ असल्या तर लॉकचं उरलेलं पुस्तक सहज लागतं, कारण सरकारला जे काही दिलं जातं ते या तीन उणिवा भरण्यापुरतंच.

रूसो दोघांवर एकच आक्षेप घेतो: तुम्ही समाजातला माणूस उचलून निसर्गात नेऊन ठेवला. त्याच्या मते विवेकाच्याही आधीच्या दोन प्रेरणा आहेत, स्वतःला जपण्याची ओढ आणि दुसऱ्याचं दुःख पाहवत नाही ती करुणा. तिसरी गोष्ट स्वतःला घडवत जाण्याची क्षमता, आणि तीच सगळ्या चांगल्या-वाईटाचं मूळ. इतरांपेक्षा वरचढ दिसण्याची हाव मात्र माणसं एकत्र राहू लागल्यावर, एकमेकांकडे पाहू लागल्यावर जन्मते. हॉब्जची ‘मानाची हाव’ आणि ही हाव शेजारी-शेजारी लिहा: जवळजवळ तीच भावना, पण एकाकडे ती कराराच्या आधीपासून आहे, दुसऱ्याकडे समाजाने लावलेली आहे.

कोण काय देतं

हॉब्जचा करार प्रत्येकाचा प्रत्येकाशी आहे (प्रकरण १७). स्वतःवर राज्य करण्याचा हक्क मी या माणसाला किंवा या सभेला देतो, तूही दे, या अटीवर. सार्वभौम, म्हणजे हा हक्क ज्याला दिला तो माणूस किंवा ती सभा, या करारात पक्ष नाही. म्हणूनच त्याने करार मोडला असं प्रजेला म्हणता येत नाही. त्याने काही कबूलच केलेलं नाही. शिवाय सोळाव्या प्रकरणानुसार त्याच्या कृतींचे कर्ते प्रजाजनच ठरतात. सोळावं प्रकरण वगळलं तर अठरावं हुकूमशहाची मनमानी वाटतं. वाचलं तर तो एक कडेकोट युक्तिवाद आहे हे दिसतं, पटो अगर न पटो.

लॉककडे दोन पायऱ्या आहेत आणि त्या वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. आधी सगळ्यांच्या संमतीने समाज बनतो. मग तो समाज बहुमताने सरकार ठरवतो, आणि हे सरकार करारातला पक्ष नसून विश्वस्त असतं. दिला जातो तो फक्त निवाड्याचा आणि शिक्षेचा अधिकार. म्हणून सरकार कोसळलं तरी समाज शिल्लक राहतो (परिच्छेद २११). हॉब्जकडे सार्वभौम गेला की पुन्हा विखुरलेली माणसंच उरतात.

रूसोकडे प्रत्येकजण सर्वस्व देतो, पण कोणा एकाला नाही, सगळ्यांच्या समूहाला. सगळेच सगळं देतात, म्हणून अट सर्वांना सारखी. आणि अट सारखी असल्यामुळे ती दुसऱ्यावर जाचक करण्यात कोणालाच रस नाही. रूसोचा ‘सार्वभौम’ म्हणजे जमलेले नागरिक. सरकार हा त्यांचा केवळ हाताखालचा कार्यवाह, आणि सरकार स्थापन करणं हा करारच नव्हे (तिसरा खंड, प्रकरण १६). सार्वभौम आणि सरकार यांची गल्लत केली की रूसो सरकारला अमर्याद सत्ता देतोय असं वाटू लागतं.

स्वातंत्र्य

तिघेही स्वातंत्र्याबद्दल बोलतात, पण एकाच गोष्टीबद्दल नाही. हॉब्ज: बाहेरचा अडथळा नसणं. भीतीपोटी केलेली कृतीही त्याच्या लेखी स्वतंत्र; जहाज बुडेल या भयाने माल समुद्रात टाकणारा स्वेच्छेनेच टाकतो (प्रकरण २१). राज्यात प्रजेचं स्वातंत्र्य मुख्यतः जिथे कायदा गप्प आहे तिथे असतं. लॉक: दुसऱ्याच्या लहरी इच्छेखाली नसणं. त्यामुळे कायदा हा स्वातंत्र्याचा शत्रू नाही, स्वातंत्र्य राखणं आणि वाढवणं हेच त्याचं काम (परिच्छेद ५७, वरच्या यादीत नसला तरी एवढा एक वाचाच). रूसो तीन प्रकार करतो: निसर्गातलं, नागरी आणि नैतिक. नैतिक स्वातंत्र्य म्हणजे आपणच आपल्याला घालून दिलेला कायदा पाळणं.

या व्याख्या प्रत्येक लेखकाच्या मनुष्यस्वभावाशी जोडून दाखवता आल्या पाहिजेत. हॉब्जची व्याख्या इतकी अरुंद का? कारण ती रुंद केली तर भीतीपोटी झालेला करार बंधनकारक राहणार नाही, आणि त्याचा मूळ करार भीतीपोटीच होतो.

दोन कसोट्या

रकाने भरून झाले की ते खरे आहेत का हे तपासायला दोन उदाहरणं वापरा. ही उदाहरणं तिन्ही ग्रंथांमध्येच आहेत, त्यामुळे उत्तर पडताळून पाहता येतं. आधी तुमच्या रकान्यांवरून उत्तराचा अंदाज बांधा, मग ग्रंथ उघडा.

पहिली कसोटी दरोडेखोराची. मानेवर सुरी ठेवून घेतलेलं वचन बांधील धरायचं का? हॉब्ज (प्रकरण १४): निसर्गावस्थेत खंडणीचं वचन दिलं असेल तर ते पाळायचं; भीती हे करार रद्द होण्याचं कारण नाही. लॉक (परिच्छेद १७६ आणि १८६): अजिबात नाही, बळजबरीतून हक्क निर्माण होत नाही; आणि विजेत्या राजाचंही तेच. रूसो (पहिला खंड, प्रकरण ३): पिस्तूल हीसुद्धा एक सत्ता आहे, पण सत्तेपुढे वाकणं ही गरज असते, कर्तव्य नव्हे.

दुसरी कसोटी सैनिकाची. लढाईत मरण जवळजवळ नक्की आहे. हुकूम पाळायचा का? हॉब्ज म्हणतो, सार्वभौमाला नकाराबद्दल देहदंड देण्याचा हक्क आहे, तरीही सैनिक अनेक प्रसंगी अन्याय न करता नकार देऊ शकतो. बदली सैनिक दिला तर चालतं. भयाने पळ काढणं नामुष्कीचं आहे, अन्याय्य नाही. पण ज्याने स्वतःहून नाव नोंदवलं त्याला ही सवलत नाही, आणि देशाच्या रक्षणाला प्रत्येक हात लागणार असेल तर कोणालाच नाही. लॉक (परिच्छेद १३९): सार्जंट सैनिकाला तोफेच्या तोंडी जायला सांगू शकतो, पण त्याच्या खिशातली एक पैही घेऊ शकत नाही. कारण आज्ञापालन सगळ्यांच्या रक्षणासाठी लागतं, त्याचे पैसे त्यासाठी लागत नाहीत. रूसो (दुसरा खंड, प्रकरण ५): राज्याच्या हितासाठी तू मरावंस असं सांगितलं गेलं तर मरायला हवं, कारण आतापर्यंतचं सुरक्षित जगणं त्याच अटीवर मिळालेलं आहे.

ज्या हॉब्जला हुकूमशाहीचा वकील म्हणतात तोच पळणाऱ्या सैनिकाला सर्वांत जास्त सूट देतो. हे उत्तर तुम्हाला आधीच आलं असेल तर तुमचा तिसरा रकाना बरोबर भरलेला आहे: जीव वाचवण्याचा हक्क हॉब्जच्या करारात माणूस कधीच सोडून देत नाही.

निवाडा

आता चौथ्या रकान्यावर जरा थांबा. हॉब्ज खाजगी निवाडा बंद करायला निघतो. चांगलं-वाईट प्रत्येकाने स्वतः ठरवणं हा त्याच्या २९व्या प्रकरणात राज्य मोडणारा रोग आहे. पण माझा जीव धोक्यात आहे की नाही, हे कोण ठरवणार? मीच. आणि सार्वभौम रक्षण करू शकत नाही तेव्हा आज्ञापालन संपतं (प्रकरण २१), तर ती वेळ आली हे कोण ठरवणार? पुन्हा मीच. बिशप ब्रॅमहॉल याने हॉब्जच्या हयातीतच हा ग्रंथ बंडखोरांची पोथी आहे असं म्हटलं, ते याच फटीवर बोट ठेवून.

लॉक निवाडा सरकारकडे सोपवतो, पण विश्वासघात झाला की नाही हे लोकच ठरवतील असं सांगतो (परिच्छेद २४०). मग रोज बंडं होतील, हा आक्षेप तो स्वतःच घेतो आणि उत्तर देतो: छोट्या चुका लोक सोसतात, गैरवर्तनाची लांबलचक मालिका एकाच दिशेने जाताना दिसली तरच उठतात (२२५). हे उत्तर अनुभवावर टेकलेलं आहे, हक्कावर नाही. हा फरक टिपून ठेवा, कारण लॉकवरचे अनेक वाद इथूनच फुटतात.

रूसोकडे सभेला विचारला जाणारा प्रश्न ‘तुम्हाला हे आवडतं का’ असा नसतो, ‘हे सामूहिक ईहेशी (समूहाची एक म्हणून असलेली इच्छा, ‘जनरल विल’) जुळतं का’ असा असतो (चौथा खंड, प्रकरण २). सामूहिक ईहा म्हणजे सर्वांच्या इच्छांची बेरीज नव्हे. बेरीज खाजगी हितांची असते, सामूहिक ईहा सर्वांच्या समान हिताकडे पाहते. अल्पमतातला माणूस हरत नाही, तो चुकलेला असतो. सर्वांत जास्त सावधपणे वाचायचं ते हेच, आणि त्यासोबत पहिल्या खंडाच्या सातव्या प्रकरणातलं ‘स्वतंत्र होण्यास भाग पाडणं’. एकट्या वाक्यावर झडप घालू नका. आधी दुसऱ्या खंडाचं चौथं आणि सहावं प्रकरण वाचा: सार्वभौम फक्त सर्वांना सारखे लागू असे सामान्य कायदे करू शकतो, कोणा एका माणसाला लक्ष्य करू शकत नाही. एवढी अट पुरेशी आहे का? ती पुरेशी नाही असं मानायला सबळ कारण आहे: कायदा सामान्य आहे की नाही हे तपासणारा सभेबाहेरचा कोणीही रूसो ठेवत नाही. गटबाजी झाली तर सामूहिक ईहा ऐकू येत नाही हे तो जाणतो. म्हणून सभा ठरावीक काळाने भरावी, आणि सुरुवातीला दोन प्रश्न मतास टाकावेत अशी तजवीज करतो: सरकारचं सध्याचं रूप ठेवायचं का, आणि सध्याच्या माणसांकडे कारभार राहू द्यायचा का (तिसरा खंड, प्रकरण १८).

संमती कुठे दिली?

‘असा करार इतिहासात कधी झाला?’ हा आक्षेप अनेकजण पहिलाच घेतात आणि तिथेच थांबतात. तो शेवटी घ्या, आणि नेमका घ्या. लॉक मूक संमतीची कल्पना मांडतो: रस्त्यावरून मोकळेपणाने प्रवास करणाऱ्यानेही ती दिली आहे (परिच्छेद ११९). डेव्हिड ह्यूमने १७४८ मध्ये याला उत्तर दिलं: झोपेत जहाजावर आणून टाकलेल्या माणसाने जहाजावर राहून कप्तानाला संमती दिली असं म्हणायचं का, जेव्हा बाहेर फक्त समुद्र आहे? हा घाव लॉकला बसतो. इमॅन्युएल कांटला तो बसत नाही. १७९३च्या निबंधात तो करार घटना म्हणून मांडतच नाही. कायदा संपूर्ण जनतेची संमती मिळू शकेल असा आहे का, हे तपासायची ती कसोटी आहे असं तो म्हणतो. जॉन रॉल्स १९७१ मध्ये याच वाटेने पुढे जातो. आपण समाजात कोण असू हे माहीत नसताना आपण कोणती तत्त्वं निवडू, हा त्याचा प्रश्न.

शेवटी पहिल्या रकान्याकडे परत या आणि ‘पक्ष कोण’ याचं उत्तर पुन्हा तपासा. हॉब्ज विसाव्या प्रकरणात मान्य करतो की निसर्गावस्थेत मुलावर पहिला हक्क आईचा, आणि पुरुष नेहमीच बलवान वा शहाणा नसतो. मग राज्यं बहुतांशी बापांनी उभारली असं सांगून तो पुढे सरकतो. लॉक ८२व्या परिच्छेदात घरातला अखेरचा निर्णय नवऱ्याकडे देतो, कारण तो अधिक समर्थ आणि बलवान. त्याच लॉकने गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत पैसे गुंतवले होते. कॅरोल पेटमन (१९८८) आणि चार्ल्स मिल्स (१९९७) यांनी यावरून दाखवलं की या करारांच्या पाठीमागे आणखी करार दडलेले आहेत, स्त्रियांना आणि गोऱ्या नसलेल्यांना बाहेर ठेवणारे. तेव्हा सहावा रकाना आखा: कराराने बांधलं गेलं पण विचारलं गेलं नाही, असं कोण? तिघांच्या ओळीत तो वेगवेगळा भरतो, आणि प्रत्येक नावाशेजारी इथेही परिच्छेदाचा क्रमांक लागतो.